आज्ञावलीची वंशावळ



नाशिक जिल्ह्यातील द्राक्षाची पेटी युरोपातील एखाद्या बाजारपेठेत पोहोचते, तेव्हा तिच्याबरोबर केवळ फळे जात नाहीत. त्या फळांची ओळखही जाते. निर्यातीसाठी बागेची नोंदणी होते, बागेला क्रमांक मिळतो, काढणीपूर्वी नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात आणि पेटी कोणत्या बागेतून निघाली याचा माग शेवटपर्यंत काढता येतो. अपेडा या केंद्रीय संस्थेने २००६ साली 'ग्रेपनेट' ही संगणकीय व्यवस्था सुरू केली, ती याच कामासाठी.

या व्यवस्थेची कसोटी २०१० च्या हंगामात लागली. भारतातून गेलेल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचा अंश अनुज्ञेय मर्यादेपेक्षा अधिक असल्याचे युरोपातील तपासणीत आढळले. खरड छाटणीनंतर फुटींची वाढ आवरण्यासाठी हे रसायन बागांतून वापरले जात असे. परंतु येथील तपासणीच्या यादीत त्याचे नावच नव्हते. जे यादीत नाही ते तपासले जात नाही, आणि जे तपासले जात नाही ते परक्या बंदरात उघडकीस येते. माल अडकला, भाव कोसळले आणि ज्यांनी सर्व अटी मनापासून पाळल्या होत्या, अशा बागायतदारांनाही त्याची झळ सोसावी लागली. पुढे त्या रसायनाचा समावेश तपासणीच्या यादीत करण्यात आला.

संगणकाची आज्ञावली आणि द्राक्षाची पेटी यांचा संबंध काय, असा प्रश्न येथे साहजिकच पडेल. संबंध निकटचा आहे. आज शासकीय कार्यालयात, शाळेत आणि ग्रामपंचायतीत जी आज्ञावली वापरली जाते, तीही एकट्या एका कारागिराच्या हातची नसते. तिच्या पोटात दुसऱ्यांनी लिहिलेले शेकडो घटक असतात. ते कोठून आले, कोणत्या आवृत्तीचे आहेत आणि त्यांची निवड कोणी केली, हे प्रश्न पेटीविषयी नाशिककर विचारतो, तसेच आज्ञावलीविषयीही विचारले गेले पाहिजेत. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

वेल आणि खुंट

नाशिक परिसरातील अनेक बागांत थॉमसन सीडलेसची वेल स्वतःच्या मुळांवर उभी नसते. क्षारयुक्त जमीन आणि पाण्याची टंचाई सोसणाऱ्या डॉगरीजसारख्या खुंटावर तिचे कलम बांधलेले असते. बाजारात नाव चालते ते वेलीचे. जमिनीशी झुंज देतो तो खुंट. फळ पाहणाऱ्याला खुंट दिसत नाही.

आज्ञावलीचेही असेच आहे. पडद्यावर जे दिसते ती वेल होय. तिच्याखाली जे तयार घटक असतात, त्यांना संगणकाच्या परिभाषेत 'लायब्ररी' म्हणतात. येथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे दालन नव्हे. वारंवार लागणारे काम करणारा, एकदा लिहून तपासून ठेवलेला आज्ञांचा संच होय. तारीख लिहिणे, बेरजा करणे, मजकूर कागदावर मांडणे, माहिती गुप्त स्वरूपात पाठविणे ही कामे प्रत्येक आज्ञावलीला लागतात. ती प्रत्येकाने नव्याने लिहिणे म्हणजे प्रत्येक घरासाठी स्वतंत्र वीटभट्टी लावण्यासारखे आहे.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक हा संगणक कार्यान्वित झाला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी त्यावर वारंवार लागणारे आज्ञासंच कागदी फितींवर छिद्रे पाडून तयार केले आणि ते कपाटात ठेवले. ज्याला जो संच हवा, त्याने ती फीत काढावी, तिची प्रत करावी आणि आपल्या कामात जोडावी. कपाट लहान होते, माणसे परस्परांना ओळखत होती आणि कोणती फीत कोणी लिहिली हे सर्वांना ठाऊक होते. आजचे कपाट जगभर पसरलेले आहे, त्यात लाखो घटक आहेत आणि ते लिहिणारे बहुधा एकमेकांना कधी भेटलेले नसतात.

आचारी आणि आचार्य

हे अवलंबित्व किती खोलवर जाते, हे मराठीतील एका शब्दावरून पाहता येईल. 'आचाऱ्यांना मानधन द्यावे' आणि 'आचार्यांना मानधन द्यावे' ही दोन वाक्ये कार्यालयीन टिपणीत आली, तर मानधन कोणाच्या हाती पडेल हे एका आडव्या रेघेवर ठरते. पहिल्या वाक्यात स्वयंपाक करणारे आचारी आहेत. दुसऱ्या वाक्यात विद्वान गुरुजन आहेत. 'दऱ्या' आणि 'दर्या' या शब्दांतही हाच भेद आहे. मराठीतील ही आडव्या रेघेची जोडणी शिक्षकांच्या परिचयाची आहे.

संगणक हा शब्द चित्र म्हणून साठवीत नाही. प्रत्येक अक्षरचिन्हासाठी ठरलेल्या क्रमांकांची एक ओळ तो साठवितो. त्या क्रमांकांपासून जोडाक्षर घडविण्याचे काम आज्ञावली स्वतः करीत नाही. लिनक्स प्रणालीवरील अनेक आज्ञावली मजकुराची मांडणी 'पँगो' या लायब्ररीकडे सोपवितात. पँगो अक्षरांची जुळणी 'हार्फबझ' या लायब्ररीकडून करून घेते. अक्षराची आकृती ठिपक्यांत उतरविण्याचे काम 'फ्रीटाइप' ही तिसरी लायब्ररी करते. आणि ती आकृती मुळात असते फाँटमध्ये, उदाहरणार्थ रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी सांभाळलेल्या 'लोहित' या देवनागरी फाँटमध्ये. या साखळीतील एखाद्या कडीला मराठीचा नियम ठाऊक नसेल, किंवा फाँटमध्ये ती आकृती नसेल, तर आडव्या रेघेऐवजी रफार उमटतो, अथवा पाय मोडलेले अक्षर उघडे पडते. टंकलेखन करणाऱ्याचा त्यात काहीही दोष नसतो. त्याने योग्य कळ दाबलेली असते. चूक चार घरे पलीकडे घडलेली असते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. आज्ञावली लिहिणाऱ्याने एकच घटक मागितला, तरी त्या घटकाला लागणारे घटक आणि त्यांना लागणारे आणखी घटक आपोआप येतात. मागितलेले घटक हे प्रत्यक्ष अवलंबित्व होय. त्यांच्या मागून आलेले घटक हे अप्रत्यक्ष अवलंबित्व होय. व्यवहारात अप्रत्यक्ष घटकांची संख्या प्रत्यक्ष घटकांच्या कित्येक पट असते, आणि संकट बहुधा तेथूनच येते.

क्रम कसा लागतो?

इतके घटक योग्य क्रमाने गोळा करून त्यांची बांधणी करणे हे काम हाताने होण्यासारखे नाही. त्यासाठी स्वतंत्र साधने निर्माण झाली. त्यांना 'बिल्ड टूल', म्हणजे बांधणीची साधने म्हणतात. यांपैकी 'मेक' हे आद्य साधन अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली तयार केले. त्यामागील प्रसंग बोधप्रद आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी एका आज्ञावलीतील चूक शोधण्यात सकाळ घालविली. प्रत्यक्षात ती चूक आधीच दुरुस्त झाली होती. परंतु दुरुस्त केलेला भाग पुन्हा कंपाइल, म्हणजे यंत्रभाषेत रूपांतरित करावयाचा राहून गेला होता. यंत्र जुनाच भाग चालवीत होते आणि माणूस नव्या भागात चूक शोधीत होता.

मेकची युक्ती स्वयंपाकघरातील आहे. पुरणपोळीला पुरण लागते आणि पुरणाला शिजलेली डाळ लागते. प्रत्येक पदार्थाला काय लागते हे एकदा लिहून ठेवावे. मग डाळ नव्याने शिजविली असेल आणि पुरण त्याआधीचे असेल, तर पुरण पुन्हा वाटावयाचे आणि पोळीही पुन्हा लाटावयाची. डाळ जुनीच असेल तर कशालाच हात लावावयाचा नाही. मेक हे साधन प्रत्येक फाइलच्या बदलाची वेळ पाहते आणि जेवढे आवश्यक तेवढेच काम करते.

याला अट एकच आहे : वर्तुळ असता कामा नये. पोळीला पुरण आणि पुरणाला पुन्हा पोळीच लागली, तर चूल कोठून पेटवावी? अशी वर्तुळे प्रत्यक्षात आढळतात. वर उल्लेखिलेल्या फ्रीटाइप आणि हार्फबझ या दोन लायब्ररींचे नाते अनेक वर्षे असेच होते. दोघींना परस्परांची मदत हवी असे. बांधणी करणारे तज्ज्ञ मग प्रथम हार्फबझशिवाय फ्रीटाइप बांधीत, तिच्या आधारे हार्फबझ बांधीत आणि नंतर फ्रीटाइप पुन्हा एकवार बांधीत. देवनागरीचे एक जोडाक्षर पडद्यावर नीट उमटावे यासाठी कोठेतरी कोणीतरी इतका खटाटोप केलेला असतो.

दोन मागण्या, एक घटक

मेकच्या काळात घटक बहुधा आपल्याच यंत्रावर असत. पुढे इंटरनेटवर घटकांची सार्वजनिक भांडारे उभी राहिली आणि बांधणीची साधने तेथून घटक स्वतः आणू लागली. जावा भाषेसाठी 'मेव्हन', जावास्क्रिप्टसाठी 'एनपीएम', पायथॉनसाठी 'पिप' ही त्यांपैकी प्रमुख होत. यांच्यापुढे एक नवा आणि अधिक कठीण प्रश्न उभा राहिला.

समजा, घरपट्टीची पावती छापणारी एक आज्ञावली आहे. तिला दोन घटक लागतात : एक पावती तयार करणारा, दुसरा वसुलीचा तक्ता मांडणारा. या दोघांनाही अक्षरजुळणीचा एकच घटक लागतो. परंतु पावतीच्या घटकाला त्याची १.४ ही आवृत्ती हवी आहे आणि तक्त्याच्या घटकाला २.० ही. दोघांपैकी कोणाचे ऐकावे?

प्रत्येक साधनाने या तंट्याचा निवाडा वेगळ्या रीतीने केला आहे. मेव्हन जवळचे नाते पाहते : मूळ आज्ञावलीपासून जी मागणी कमी पायऱ्यांवर असेल ती मान्य होते, आणि दोन्ही समान अंतरावर असतील तर यादीत जी आधी लिहिली असेल ती. म्हणजे यादीतील दोन ओळींची केवळ अदलाबदल केली तरी वेगळी आवृत्ती निवडली जाऊ शकते. ग्रेडल हे साधन सामान्यतः सर्वांत नवी आवृत्ती घेते. एनपीएम तोडगा काढते : प्रत्येकाला त्याची स्वतंत्र प्रत देते, तंटा मिटतो, पण घरात एकाच वस्तूच्या दोन प्रती होतात आणि जागा अधिक लागते. गो या भाषेने २०१८ साली निराळा मार्ग स्वीकारला : प्रत्येकाने आपली किमान गरज सांगावी आणि सर्वांच्या किमान गरजा भागविणारी सर्वांत जुनी आवृत्ती घ्यावी. पायथॉनचे पिप हे साधन तर २०२० च्या अखेरीपर्यंत जी मागणी प्रथम सापडेल ती धरून चालत असे. त्यानंतरच्या आवृत्तीत ते मागे वळून सर्व मागण्यांचा मेळ घालू लागले.

यांपैकी कोणताही निवाडा सर्वथा बरोबर किंवा सर्वथा चुकीचा नाही. परंतु निवाडा होतो आणि तो यंत्र करते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. आज्ञावली लिहिणाऱ्यालाही अनेकदा त्याची कल्पना नसते.

हा प्रश्न गणिताच्या दृष्टीनेही अवघड आहे. ज्या मुख्याध्यापकाने शाळेचे वेळापत्रक आखले असेल त्याला तो लगेच कळेल. गणिताचे गुरुजी पहिल्या तासाला हवेत, विज्ञानाची खोली एकच आहे, चित्रकलेचे शिक्षक दोनच दिवस येतात. अटी थोड्या असतील तर वेळापत्रक सहज बसते; अटी वाढल्या की एक तास हलविताच दहा तास विस्कटतात, आणि कधीकधी सर्व अटी पाळणारे वेळापत्रक अस्तित्वातच नसते. घटकांच्या आवृत्त्यांचा मेळ घालणे हा प्रश्न सर्वसाधारण स्वरूपात याच जातीचा आहे, हे संशोधकांनी सिद्ध केले आहे. म्हणून अनेक साधने पुढे जाऊन पाहतात, अडले की मागे येतात आणि दुसरी वाट धरतात.

आवृत्तीच्या क्रमांकांनाही अर्थ असतो. रूढ संकेतानुसार क्रमांकाचे तीन भाग असतात. शेवटचा आकडा वाढला तर केवळ दुरुस्ती झाली. मधला वाढला तर नवी सोय आली, जुने मोडले नाही. पहिला वाढला तर जुन्याशी मेळ बसेलच असे नाही. हा संकेत उपयुक्त आहे, पण तो घटक लिहिणाऱ्याने दिलेला शब्द आहे, पुरावा नव्हे. 'किरकोळ दुरुस्ती' या शीर्षकाखाली मोठे बदल झाल्याची उदाहरणे कोणत्याही कार्यालयाला नवी नाहीत.

यादी आणि ठसा

एकच आज्ञावली सोमवारी बांधली आणि शुक्रवारी पुन्हा बांधली, तर ती तीच राहील काय? आज्ञावली लिहिणाऱ्याने 'अमुक घटकाची १.४ किंवा त्यापुढील आवृत्ती' असे मोघम लिहिले असेल आणि मधल्या बुधवारी नवी आवृत्ती भांडारात आली असेल, तर शुक्रवारची आज्ञावली निराळी होईल. लिहिणाऱ्याने एक अक्षरही बदललेले नसताना ती बिघडू शकेल.

यावरील उपाय म्हणजे 'लॉक फाइल'. एकदा मेळ बसला की कोणता घटक, कोणत्या नेमक्या आवृत्तीचा, कोणत्या भांडारातून घेतला, याची संपूर्ण यादी साधन लिहून ठेवते. अनेक साधने प्रत्येक घटकाचा संगणकीय ठसाही त्यात नोंदवितात. अंगठ्याचा ठसा जसा माणसाचा, तसा हा ठसा त्या घटकाचा. घटकातील एक अक्षर जरी बदलले तरी ठसा जुळत नाही. यादी आणि ठसा जवळ असतील, तर सहा महिन्यांनीही तीच आज्ञावली जशीच्या तशी बांधता येते.

मात्र यादी गोठवून निश्चिंत होणे हाही प्रमाद आहे. गोठलेल्या यादीत जुना दोषही गोठून राहतो. यास्तव यादी ठराविक काळाने, समजून उमजून आणि चाचणी घेऊन बदलली पाहिजे. बदल आपोआप होऊ नये आणि बदल कधीच होऊ नये, या दोन टोकांच्या मध्ये शहाणपणाची जागा आहे.

अकरा ओळींचा धडा

हे सारे केवळ तज्ज्ञांच्या चर्चेचे विषय नाहीत, हे गेल्या काही वर्षांतील तीन घटनांनी दाखवून दिले.

मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचा एक घटक त्याच्या लेखकाने नावाविषयीच्या एका वादातून एनपीएमच्या भांडारातून काढून घेतला. घटक अवघ्या अकरा ओळींचा होता. शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्ये भरणे एवढेच त्याचे काम. परंतु त्यावर अवलंबून असलेल्या घटकांवर हजारो प्रकल्प उभे होते आणि त्या दिवशी जगभरातील बांधण्या अडल्या. सुमारे दोन तासांत तो घटक भांडारात परत आणावा लागला. त्यानंतर भांडाराने घटक काढून घेण्याचे नियम कडक केले.

डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या घटकातील गंभीर दोष उघड झाला. आज्ञावलीत काय घडले याची रोजनिशी लिहिणे हे या घटकाचे काम. या रोजनिशीत विशिष्ट मजकूर पोहोचविला की परका माणूस दुरून त्या यंत्राचा ताबा घेऊ शके. गूगलच्या तज्ज्ञांनी केलेल्या पाहणीत मेव्हनच्या मध्यवर्ती भांडारातील पस्तीस हजारांहून अधिक घटक, म्हणजे एकूण घटकांच्या आठ टक्क्यांहून अधिक, या दोषाच्या छायेत असल्याचे दिसले. त्यांपैकी थेट अवलंबून असलेले केवळ सात हजारांच्या आसपास होते. उरलेल्यांच्या पोटात तो दोष दुसऱ्या, तिसऱ्या आणि त्याहूनही खोल पायरीवर दडलेला होता. ज्या संस्थांजवळ आपल्या आज्ञावलींतील घटकांची यादी होती, त्यांना शोध घेणे सोपे गेले. ज्यांच्याजवळ नव्हती, त्यांना प्रथम घरात काय आहे हेच शोधावे लागले. २०१० च्या द्राक्षहंगामाची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

तिसरी घटना मार्च २०२४ ची. फाइलींचा आकार लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या घटकात कोणीतरी चोरदरवाजा बसविला होता. त्या व्यक्तीने दोन-अडीच वर्षे निमूटपणे उपयुक्त काम करून घटकाचा भार एकट्याने वाहणाऱ्या मूळ लेखकाचा विश्वास संपादन केला होता. घातक भाग बांधणीच्या वेळीच आत शिरेल अशी योजना होती. मूळ लिखाण वाचणाऱ्यास ती सहजी दिसली नसती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. त्या अर्ध्या सेकंदाचा त्यांनी पिच्छा पुरविला आणि मोठा अनर्थ टळला.

तिन्ही घटनांत एक समान सूत्र आहे. ज्या घटकांवर हजारो संस्था विसंबून होत्या, ते सांभाळणारी माणसे मोजकीच होती आणि ती बहुधा स्वतःच्या फावल्या वेळात हे काम करीत होती. गावाची विहीर सर्वांची असते, पण तिचा गाळ कोण काढणार, हा प्रश्न संगणकाच्या क्षेत्रातही सुटलेला नाही.

कार्यालयाने विचारावयाचे प्रश्न

या धड्यांची दखल शासनव्यवस्थांनी घेतली आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी मे २०२१ मध्ये काढलेल्या आदेशात शासनाला विकल्या जाणाऱ्या आज्ञावलींसोबत घटकांची यादी देण्याचा विचार पुढे आला. भारतात सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यादीविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. शासकीय विभाग, सार्वजनिक क्षेत्र आणि अत्यावश्यक सेवा यांनी आज्ञावली घेताना घटकांची यादी मागावी, हा त्यांचा आशय आहे. औषधाच्या वेष्टनावर जसे घटक छापलेले असतात, तसेच हे होय.

सूचना कागदावर राहू नयेत यासाठी ज्यांच्या हाती आज्ञावली स्वीकारण्याचा अधिकार आहे, त्यांनी संगणकतज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही. विहिरीच्या कामाचे मोजमाप पाहणारा पंचायत सदस्य स्थापत्य अभियंता नसतो. तरी सिमेंट कोणते आणि किती, हे तो विचारतो. त्याच धर्तीवर चार प्रश्न पुरेसे आहेत. या आज्ञावलीत कोणकोणते घटक आहेत, अप्रत्यक्ष घटकांसह त्यांची यादी मिळेल काय? त्या घटकांच्या आवृत्त्या आणि ठसे नोंदविलेले आहेत काय? एखाद्या घटकात दोष निघाला तर तो बदलण्याची जबाबदारी कोणाची आणि किती दिवसांची? ज्याने आज्ञावली दिली तो उद्या उपलब्ध नसेल, तर मूळ लिखाण आणि यादी यांच्या आधारे दुसरा कोणी ती पुन्हा बांधू शकेल काय? या प्रश्नांची उत्तरे करारनाम्यात लेखी असावीत. तोंडी आश्वासन हे मोघम आवृत्तीक्रमांकासारखे असते. वेळेवर त्याचा अर्थ बदलतो.

शिक्षकांनी हा विषय वर्गात नेण्यासाठी संगणकाचीही गरज नाही. शाळेतील खिचडीला काय काय लागते, त्या प्रत्येक वस्तूला काय लागते आणि ती कोठून येते, याची वंशावळ मुलांनी फळ्यावर काढावी. पाणी आणि इंधन अनेक फांद्यांतून पुन्हा पुन्हा येते, हे मुलांच्या लक्षात येईल. एका गोष्टीवर किती गोष्टी विसंबून असतात, आणि ती एक गोष्ट तुटली तर काय काय थांबते, हे ज्या मुलाला एकदा समजले, त्याला पुढे आज्ञावलीची बांधणी समजण्यास वेळ लागणार नाही.

आणखी एक विचार कार्यालयप्रमुखांनी मनाशी बाळगण्यासारखा आहे. पावती चुकीची छापली गेली, दाखल्यावरील नाव विस्कटले किंवा खिडकीवर यंत्र अडले, की नागरिकाचा रोष समोर बसलेल्या संगणकचालकावर होतो आणि पुष्कळदा वरिष्ठांचाही. वास्तविक दोष त्याच्या बोटांत नसून चार पायऱ्या खाली असलेल्या, कोणी तरी न सांगता बदललेल्या एखाद्या घटकात असू शकतो. जेथे यादी असते तेथे दोषाचा शोध घेता येतो. जेथे यादी नसते तेथे माणसाला दोष दिला जातो. यादी ठेवणे हे म्हणूनच न्यायाचेही काम आहे.

नाशिकच्या बागायतदाराने कडू अनुभवातून पेटीचा माग ठेवण्याचे महत्त्व ओळखले. नोंदणीचे कागद, फवारणीची वही, प्रयोगशाळेचा अहवाल हे त्याला प्रारंभी ओझे वाटले असेल. आज तोच त्याचा आधार आहे. आज्ञावलीच्या बाबतीतही ही वही आताच उघडली पाहिजे. कारण आचाऱ्यांचे मानधन आचाऱ्यांनाच मिळावे, ही अपेक्षा साधी आहे आणि ती पूर्ण होण्यासाठी साखळीतील प्रत्येक कडी कोणाची आहे हे कोठेतरी लिहिलेले असले पाहिजे.